पंचांगातली पिसं

मी सूड घेतला, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे पुढं वाचताना कुणाचा असा गैरसमज नको की मी विज्ञानाची सेवा करणारी साधीभोळी बाई आहे. ज्यांच्यावर सूड घेतला ते माझे सर होते. आधी लातूरच्या क्लासमधले, मग नांदेडच्या कॉलेजातले. आज रस्त्यात भेटले तर मी वाकून नमस्कारही करीन, कारण तशी रीत आहे. नमस्कार करताना मनात काय येईल ते इथं लिहिण्यासारखं नाही.

सुरुवात आईपासून करायला हवी. आमचं गाव औसा तालुक्यातलं, काळ्या जमिनीचं. वडील एसटीत कंडक्टर. त्यांची ड्यूटी बहुतेक मुक्कामी गाडीवर असायची, म्हणजे संध्याकाळी गाडी घेऊन कुठल्यातरी टोकाच्या गावी जायचं, तिथंच झोपायचं आणि सकाळी तीच गाडी घेऊन परत यायचं. त्यामुळं शेत सगळं आईच्या अंगावर. ज्वारीत दाणा भरायला लागला की भोरड्या यायच्या. गुलाबी अंगाची, काळ्या डोक्याची आणि काळ्या पंखांची, साळुंकीएवढी पाखरं. थव्यानं येतात आणि तासाभरात कणसं रिकामी करतात. ती हिमालयाच्या पलीकडून येतात हे मला फार नंतर कळलं. आईला एवढंच माहीत होतं की पोळा झाला की त्या आज-उद्या येणार, आणि आल्या की शेतात चार मेढी रोवून माळा बांधायचा आणि वर उभं राहून गोफण फिरवायची.

आईची गोफण अचूक नव्हती आणि तिला ती तशी नकोच होती. आवाजानं पाखरं उठावीत, बास. तरी दरवर्षी एखादं पाखरू गोफणीच्या खड्याला बळी पडायचंच. वर्षातलं असं पहिलं पाखरू मेलं की आई माळ्यावरून खाली यायची, त्याला बांधाला पुरायची, पण त्याआधी त्याच्या पंखातलं एक पीस उपटून घ्यायची. सगळ्यात नवं, चकचकीत असेल ते. घरी आल्यावर ते त्या वर्षीच्या पंचांगात ठेवायची. तिला वाचता येत नव्हतं. पोळ्याच्या अमावस्येपासून बोटांवर दिवस मोजून ती बरोबर त्या तिथीच्या ओळीवर कुंकवाचं बोट उमटवायची आणि त्यावर पीस ठेवून पान मिटायची. "जीव घेतलाय आपुन. त्याची आठवण ठिवाया नगं?" असं म्हणायची. गावात दुसरी कुणी असं करत नव्हती. शेजारणी तिला हसायच्या, तीही त्यांच्याबरोबर हसायची. अशी नऊ वर्षांची नऊ पंचांगं पत्र्याच्या पेटीत साठली होती.

भूकंप झाला तेव्हा मी दहावीसाठी लातूरला मावशीकडं होते. वडील मुक्कामी गाडीवर धर्माबादला. आई घरात एकटी. दगडामातीच्या जाड भिंती आणि वर मातीचं माळवद, एवढं सांगितलं की आमच्याकडच्या माणसाला पुढचं सांगावं लागत नाही. तिसऱ्या दिवशी ढिगाऱ्यातून पेटी निघाली. झाकण चेपलं होतं, आत पंचांगं जशीच्या तशी होती. आईचा फोटो आमच्याकडं एकही नव्हता. तिची म्हणून जी काही खूण उरली ती त्या नऊ पानांवरची बोटं.

पुढची अडीच वर्षं वडील पत्र्याच्या शेडमध्ये राहिले आणि मी लातूरलाच बारावीपर्यंत शिकत राहिले. त्या वेळी लातूरला क्लासची लाट नुकतीच चढत होती. डाळमिलच्या गोदामात बाकं टाकली की क्लास उभा राहायचा. लांबलांबच्या तालुक्यांतून पोरं-पोरी खोल्या करून राहायला यायची आणि दर आठवड्याच्या चाचणीनंतर मार्कांप्रमाणं आमच्या तुकड्या बदलायच्या. पहिल्या तुकडीला पंखा, शेवटच्या तुकडीला पत्रा. मी कायम पत्र्याखाली. जीवशास्त्राला जे सर होते ते नांदेडच्या एका कॉलेजात प्राध्यापक होते आणि शनिवार-रविवार लातूरला शिकवायला यायचे. आवाज खणखणीत, अक्षर मोत्यासारखं, फळ्यावर आकृती काढली की पुसायला जीव होत नसे. हे गुण मी नाकारत नाही. पण त्यांना नापास पोराची दया नव्हती, उलट गंमत वाटायची. एकदा माझा पेपर सगळ्या वर्गापुढं धरून ते म्हणाले, "भूकंपग्रस्तांसाठी सोपा पेपर काढत जाऊ का मॅडम?" शंभर पोरं हसली. मी पण हसले, कारण न हसणं जास्त लाजिरवाणं झालं असतं. ते हसू मी विसरले नाही. पण तेवढ्यासाठी मी त्यांच्या मुळावर उठले असते असं नाही. तेवढं सगळ्यांनीच सोसलेलं असतं.

डॉक्टरकीला नंबर लागला नाही. प्राणिशास्त्र घेतलं आणि एम. एस्सी.ला नांदेडला आले, तर तेच सर तिथं विभागप्रमुख. नशीब म्हणतात ते हेच. एके दिवशी ते कुठल्याशा परिषदेहून आले आणि वर्गात एक नवीनच गोष्ट सांगितली. पक्ष्याचं पीस वाढतं तेवढे दिवस जिवंत असतं. एकदा पूर्ण वाढलं की आपल्या नखासारखं मेलेलं. त्यामुळं ते वाढत असताना पक्षी जिथलं पाणी प्यायला आणि जे खाऊन राहिला, त्याची रासायनिक खूण पिसात कायमची कोंडली जाते. थंड मुलखातलं पाणी वेगळं, आपल्याकडचं वेगळं. ज्वारीची खूण वेगळी, तुरीची वेगळी. पुष्कळ पक्षी लांबच्या प्रवासात मध्येच कुठंतरी मुक्काम करतात, तिथं काही पिसं टाकून नवीन उगवतात आणि मग पुढं निघतात. पक्षी उडून जातो, पण त्या मुक्कामाचं पाणी पंखात घेऊन जातो. ते पीस यंत्रात जाळून मोजलं की मुक्काम कुठल्या मुलखात होता याचा अंदाज येतो. "अडचण एकच," सर म्हणाले, "एकाच जागी, वर्षानुवर्षं, तारखेसकट जपलेली पिसं कुणाकडं नसतात."

मी हात वर केला. आयुष्यात इतका मोठा गाढवपणा मी दुसरा केला नाही.

सर त्या दिवसापासून बदलले. मॅडम गेलं, "बाळ" आलं. केबिनमध्ये बोलावून चहा पाजला. पीएच. डी.ला माझ्याकडंच नाव नोंदव म्हणाले, तुझ्या आईच्या पिसांवर आपण दोघं मिळून लेख लिहू, आईचं नाव त्यात घालू. आईचं नाव म्हटल्यावर मी विरघळले. नव्या वसवलेल्या गावात वडिलांना सरकारी घर मिळालं होतं, तिथं गेले आणि त्यांना सगळं समजावून सांगितलं. ते पेटीवर हात ठेवून ऐकत होते.

"म्हंजी पिसात तिकीट फाडल्यालं ऱ्हातंय म्हन की," ते म्हणाले. "कुठं बसलं, कुठं मुक्काम केला."

"हाव आबा."

"आन् ते जाळत्यात?"

"तांदळाच्या कणीएवढा तुकडा. बाकीचं पीस तसंच राहतंय."

त्यांनी पेटीचं चेपलेलं झाकण चाचपलं. मग पेटी माझ्याकडं सरकवली. "परत आनायचं. पिसं बी, पंचांगं बी. मला तिची बोटं पायजेत." मी शब्द दिला. आबांनी माझ्याकडं एवढी एकच गोष्ट मागितली असेल आयुष्यात.

पंचांगं मी सरांच्या केबिनमधल्या कपाटात ठेवली. कुलूप लावलं, किल्ली सरांकडं. ती दिवाळीच्या आधीची गोष्ट. संक्रांतीनंतर कॉलेजात तपासणी समिती येणार म्हणून सगळीकडं रंगरंगोटी चालली होती. मी चार दिवस गावी जाऊन आले. आले तर कपाट नव्या रंगात चकाकत होतं आणि आतमध्ये फायली ओळीनं लावलेल्या. पंचांगं नव्हती.

"सर, पंचांगं?"

"पिसं काढून घेतली मी व्यवस्थित, पाकिटात घातली, प्रयोगशाळेला रवाना पण झाली," सर म्हणाले. "पंचांगं जुनी होती गं. जुनं पंचांग कुणी ठेवतं का? समितीपुढं बरं दिसलं नसतं. आणि रद्दीत नाही हं दिली. देवाधर्माची पुस्तकं. शिपायाला सांगून गोदावरीत विसर्जन केली, रीतसर, हळदकुंकू वाहून."

त्यांच्या चेहऱ्यावर समाधान होतं. एखादं पुण्यकर्म केलेल्या माणसाला असतं तसं. मी घाटावर गेले. पायऱ्यांवर निर्माल्य, नारळ, जुन्या तसबिरी सगळं होतं, पंचांगं कुठून असणार? तिथल्या नावाड्याला विचारलं तर तो म्हणाला, "ताई, पानी हाय ते. ठिवून घेत न्हाई." मी पायरीवर बसून मोठमोठ्यानं रडले. लोकांना वाटलं कुणाच्या अस्थी सोडायला आली आहे, आणि त्यांचं फार चुकत नव्हतं.

पुढचं दुसऱ्या महिन्यात कळलं. सरांनी पिसांची कणी कापून पाठवली नव्हती. कापायचं, धुवायचं, वजन करायचं, एवढा वेळ त्यांना नव्हता, त्यांचे शनिवार-रविवार क्लासला बांधलेले. अख्खी पिसं पाठवली होती आणि प्रयोगशाळेनं ती रीतीप्रमाणं चिरून, वाटून, जाळून मोजली. परत यायला काही उरलंच नव्हतं.

आणि मग लेख छापून आला. निकाल सुंदर होता, हे मला आजही अभिमानानं सांगावंसं वाटतं. काही वर्षांची पिसं दूरच्या थंड मुलखात वाढलेली होती, तर काही वर्षांची मधल्याच कुठल्यातरी कोरड्या प्रदेशात. म्हणजे त्या वर्षी थवे वाटेत मुक्काम करून, पिसं बदलून मग आमच्या शेतावर आले होते. एकाच शेतातून नऊ वर्षांची अशी गोष्ट कुणी सांगितली नव्हती. लेखावर पहिलं नाव सरांचं, दुसरं त्यांच्या भाच्याचं. 'पिसे कोणी गोळा केली' या ओळीत पुन्हा सर. म्हणजे माझी आई माळ्यावर उभी राहून गोफण फिरवत होती ती नऊही वर्षं सर आमच्या बांधावर पिसं वेचत होते. आयत्या बिळावर नागोबा ऐकला होता, इथं नागोबानं बीळ बुजवून वर आपल्या नावाची पाटी लावली होती. मी विचारायला गेले तर म्हणाले, "तुझी आई निरक्षर होती ना बाळ? अशा लेखात संस्थेचा माणूस लागतो. आणि तुझ्याकडं पुरावा काय आहे?"

पुरावा त्यांनी हळदकुंकू वाहून गोदावरीत सोडला होता.

तेव्हा मी ठरवलं. दात-ओठ खाल्ले नाहीत, आदळआपट केली नाही. आमच्याकडं म्हणतात, राग पोटात ठेवावा आणि हात कामात ठेवावा. मी सरांकडंच पीएच. डी.ला नाव नोंदवलं आणि त्यांची लाडकी विद्यार्थिनी झाले. त्यांच्या चाचण्या तपासल्या, क्लाससाठी नोट्स लिहिल्या, त्यांच्या बायकोला पापड लाटू लागले. लातूरला त्यांच्या क्लासच्या दाराशी मोठी पाटी लागली, त्यावर सरांचा फोटो आणि खाली, 'पिसावरून पाखराचे गाव सांगणारे'. गंज गोलाईच्या चौकातून ऑटोत बसलं की ती पाटी ओलांडूनच जावं लागायचं. मी दर वेळी तिच्याकडं बघायचे आणि म्हणायचे, बघू.

संधी दीड वर्षानं आली. लेखाच्या जोरावर सरांना मोठा प्रकल्प मिळाला. हिवाळ्यात भोरड्या आमच्याकडं असतात तेव्हा त्यांचे मुक्काम कुठं कुठं होतात, एकच थवा फिरत राहतो की वेगवेगळे थवे आपापल्या जागा धरून बसतात, हे पिसांवरून शोधायचं होतं. त्यासाठी तीन ठिकाणची, हिवाळ्यात इथंच उगवलेली पिसं हवी होती. लातूरजवळ ज्वारीचा पट्टा, भोकरकडं कापूस आणि सोयाबीन, धर्माबादकडं मिरची आणि भात. खाणं वेगळं, म्हणून खूण वेगळी. कागदावर योजना छान होती. पण भोकर-धर्माबादला जायचं म्हणजे शनिवार-रविवार मोडणार आणि परीक्षेच्या तोंडावर क्लास बंद ठेवणं सरांना परवडणार नव्हतं.

"बाळ," ते म्हणाले, "औशाच्या रोडला बाभळीत थवा बसतो ना संध्याकाळी? त्याच्याखाली पिसांचा सडा असतो. तिथलीच गोळा कर आणि तीन पाकिटं भर. पीस ते पीस. पाखरू काय भोकरचं निराळं आणि लातूरचं निराळं असतं?"

मी त्यांच्याकडं बघत राहिले. हा माणूस वर्गात मला शिकवत होता की पीस खोटं बोलत नाही. परिषदांमधून टाळ्या घेत होता. आणि त्याला स्वतःला ते एका क्षणासाठीही खरं वाटलं नव्हतं. त्याच्यासाठी ते बारावीच्या पुस्तकातलं एक उत्तर होतं, पाठ करायचं, लिहायचं आणि विसरायचं. त्याला तिथंच अडवायला माझं एक वाक्य पुरेसं होतं. सर, यंत्राला कळेल. तीन शब्द.

"हो सर," मी म्हणाले. "करते."

मी बाभळीखालची नव्यानं उगवून गळलेली, चकचकीत पिसं गोळा केली. आणि सरांनी जे कधी केलं नाही ते केलं. प्रत्येक पीस मधोमध कापलं. अर्धं सरांच्या पाकिटात, अर्धं माझ्या. माझ्या पाकिटांवर मी खरी जागा, खरी तारीख, झाड कुठलं, सगळं लिहिलं. सरांची पाकिटं कोरी ठेवून त्यांच्यापुढं नेली आणि म्हटलं, "सर, माझं अक्षर कोंबडीच्या पायासारखं. तुमच्या हातानं लिहिलंत तर शोभून दिसंल." सर खूश. आपल्या मोत्यासारख्या अक्षरात त्यांनी लिहिलं, भोकर. लिहिलं, धर्माबाद. तारखा घातल्या. 'गोळा करणारे' या ओळीवर झोकदार सही केली. ज्या शनिवारची तारीख त्यांनी धर्माबादला घातली, त्या शनिवारी ते लातूरला दोनशे पोरांपुढं हृदयाची आकृती काढत होते.

"काही अडचण नाही ना?" त्यांनी लिहिता लिहिता विचारलं.

"काही नाही सर. छान दिसतंय."

इतका आनंद मला एम. एस्सी.चा निकाल लागला तेव्हाही झाला नव्हता. खोटं कशाला बोलू, मी त्या दिवशी स्टेशनजवळच्या हॉटेलात एकटीनं बसून दोन प्लेट भजी खाल्ली.

प्रयोगशाळेला पाठवायची कणी या वेळी मीच कापली, टोकाकडून, आणि बाकीचं अर्धं सरांच्या सहीच्या पाकिटातच ठेवलं. उत्तर यायला उन्हाळा उजाडला. प्रयोगशाळेनं सरळ प्रकल्पाला पैसे देणाऱ्यांनाच लिहिलं होतं की तीन ठिकाणच्या पिसांचे आकडे इतके सारखे आहेत की ती एकाच जागची असावीत, आणि तिन्हींत ज्वारीची खूण आहे, जी भातामिरचीच्या मुलखातल्या पाखरात इतकी ठळक असू नये. पिसांचे उरलेले भाग आणि गोळा करतानाच्या वह्या पाठवा. क्लासमधल्या पोरालाही कळलं असतं. तीन पेपरात एकच चूक असली की कॉपी धरतात, आणि सरांनी असे कितीतरी पेपर धरून पोरांना वर्गाबाहेर काढलं होतं.

तीन माणसांची चौकशी समिती बसली. सरांनी पहिल्याच दिवशी चोराच्या उलट्या बोंबा मारल्या. विद्यार्थिनीनं पाकिटं अदलाबदल केली असतील, ग्रामीण भागातली आहे, अभ्यासात बेताचीच, मी दयेपोटी घेतली होती. मी उठले आणि माझी अर्धी पिसं टेबलावर मांडली. त्यांच्या अर्ध्याला माझं अर्धं जोडून दाखवलं. कापलेली कड कडेला बरोबर बसत होती. एका बाजूला माझं कोंबडीच्या पायाचं अक्षर, बाभळ, औसा रोड. दुसऱ्या बाजूला मोत्यांचं, धर्माबाद.  सरांच्या कपाळावर घाम आला तो मी डोळे भरून पाहिला.

"तुम्ही तेव्हाच का नाही बोललात?" अध्यक्षांनी मला विचारलं.

"सरांना उलट बोलायची आमच्याकडं पद्धत नाही सर."

त्यांना ते पटलं नाही हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मलाही पटलेलं नव्हतं.

जेवणाच्या सुटीत समितीतल्या एक वयस्क बाई मला व्हरांड्यात बाजूला घेऊन गेल्या. दुसऱ्या विद्यापीठातल्या होत्या, चांगल्या होत्या. त्यांनी हळू आवाजात सांगितलं की या पाकिटांवरून सरांना ताकीद मिळेल, प्रकल्प जाईल, पण खुर्ची राहील. विभागप्रमुख आहेत, नाव मोठं आहे, गोंधळ झाला म्हणून निभावून नेतील. "पण त्यांचा पहिला लेख आहे ना, नऊ वर्षांचा," त्या म्हणाल्या, "त्यातली पिसं त्यांनी गोळा केली नव्हती असं मी ऐकलं. ते जर तुम्ही लेखी दिलं तर दोन वेळा खोटं झालं, मग त्यांना कुणी वाचवू शकणार नाही. फक्त एक लक्षात घ्या. पिसं कुणाची, कुठली, याचा पुरावा तुमच्याकडंही नाही. मग तो लेखच रद्द होईल. त्यातलं काही उरणार नाही. चांगला लेख आहे हो तो. शांतपणे विचार करा."

मी तासभर व्हरांड्यात बसले. गप्प राहिले तर आईची नऊ वर्षं छापील राहणार होती, दुसऱ्याच्या नावानं का होईना. जगात कुठंतरी कुणी वाचणार होतं की एका शेतावर अमुक वर्षी पाखरं थंडीतून आली आणि तमुक वर्षी वाटेत थांबून आली. ते आईमुळं कळलं होतं. पिसं जळली होती, बोटं नदीत गेली होती, ते आकडे तेवढे उरले होते. आणि बोलले तर सर संपणार होते. तासभर बसले म्हणते, पण खरं सांगायचं तर पहिल्या पाच मिनिटांतच माझं ठरलं होतं. उरलेला वेळ मी फक्त, आपण नीट विचार केला, असं नंतर म्हणता यावं म्हणून बसले होते.

मी लिहून दिलं. सगळं, पेटीपासून घाटापर्यंत.

सरांचं विभागप्रमुखपद गेलं, मग नोकरी गेली. लेख मागं घेतल्याची दोन ओळींची सूचना छापून आली, 'पिसांच्या उगमाची खात्री देता येत नाही' म्हणून. माझी पीएच. डी.ची नोंदणीही त्यांच्याबरोबरच गेली, तिचं मला फार दुःख झालं नाही. लातूरची पाटी उतरवली त्या दिवशी मी मुद्दाम बसनं तिथं गेले आणि रिकामा सांगाडा बघून आले.

मग गावी गेले. आबा तेव्हा निवृत्त झाले होते. ओट्यावर बसले होते, मी त्यांच्यासमोर बसून एकेक गोष्ट सांगितली. पंचांगं नदीत गेली हे मी त्यांना इतकी वर्षं सांगितलंच नव्हतं. तपासणी चालू आहे, यंत्राला वेळ लागतो, असं सांगून राहिले होते. त्या दिवशी तेही सांगितलं. आणि पुढं सरांचा घाम, त्यांची सही, त्यांची गेलेली खुर्ची, सगळं तिखटमीठ लावून सांगितलं. मला वाटलं होतं ते खूश होतील. निदान म्हणतील की पोरी, बरं केलंस.

"त्या लेखात आपलं शेत व्हतं?" त्यांनी विचारलं.

"हाव. नाव नव्हतं, पण शेत आपलंच. नऊ वर्षं."

"आता ते न्हाई?"

"न्हाई. रद्द केलं."

"तुझ्या कागदानं?"

"हाव."

आबा समोरच्या सरळ आखलेल्या रस्त्याकडं बघत राहिले, जिथं सगळी घरं एकसारखी आहेत. मग म्हणाले, "त्या मास्तरला तू गाडलंस, लई झ्याक केलंस. पर पोरी, तुझ्या मायला भुकंपानं एकदा गाडली. दुसऱ्यांदा तू गाडलीस."

मी मान खाली घातली नाही. "हाव आबा," मी म्हणाले, "गाडली."

ते उठून आत गेले. मी ओट्यावरच बसून राहिले. त्यांचं खरं होतं, हे मला तेव्हाही कळत होतं आणि आजही कळतं. आणि आज जर कुणी मला परत त्या व्हरांड्यात नेऊन बसवलं आणि परत तेच विचारलं, तर मी लिहून द्यायला तासभरही लावणार नाही.